खंडेनवमीनंतरचा क्लच

शस्त्राला स्वहस्ते तेल देणाऱ्याला पराभव ठाऊक नसतो. हे वाक्य माझं नाही. स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षी खंडेनवमीला आमच्या गावच्या इनामदारांनी ते मारुतीच्या पारावरून उच्चारलं आणि मी शेवटच्या रांगेत उभा राहून ऐकलं. वाक्य खोटं निघालं असं मला म्हणता येणार नाही. पाचव्या दिवशी जो पराभव झाला तो आमच्या सगळ्या गावाला आणि पलीकडच्या चार गावांना ठाऊक झाला. ठाऊक नसलेले एकटे इनामदारच राहिले.

गाव जामखेडच्या बाजूचं. दोन मैलांवर एक खडकाळ चढ, आणि चढाच्या माथ्यावर निजामाची हद्द. त्या राज्याला आमच्याकडे मोगलाई म्हणत. देश स्वतंत्र झाला होता, पण ती बातमी त्या चढाच्या अलीकडेच थांबली होती. तिकडचे लोक रात्री येऊन इकडचे बैल नेत, इकडचे लोक जाऊन तिकडचे आणत. चोरी कोणी केली आणि सोडवणूक कोणी केली, हे बैलाचं तोंड कुठल्या दिशेला आहे त्यावरून ठरे. दोन्हीकडे डोकी फुटत. भाद्रपदात एका गुराख्याचे दोन्ही कान कापून त्याला परत पाठवलं होतं. तो आमचा होता की त्यांचा, यावरून पारावर मारामारी झाली आणि तीत आणखी एकाचा दात गेला.

मी तिथल्या मिशनच्या शाळेत मास्तर होतो. शाळा म्हणजे एक खोली आणि एक मी. त्याआधी लढाईची चार वर्षं नगरला लष्करी वर्कशॉपात मोटरसायकली दुरुस्त करण्यात गेली. माझे वडील धर्मोपदेशक. मी आत्म्यांचं काम सोडून इंजिनांचं धरलं, याचं त्यांना वाईट वाटे. माझं म्हणणं असं की इंजिनं निदान सुरू तरी होत. लढाई संपली, आमची गरज संपली, आणि मी एक प्रमाणपत्र आणि नट आवळायचे पाच पाने घेऊन घरी आलो. प्रमाणपत्र सरकारनं दिलं होतं.

इनामदारांना सगळे सरकार म्हणत. त्यांनी त्या उन्हाळ्यात नगरला लष्करी सामानाच्या लिलावात एक विलायती मोटरसायकल घेतली, आणि तिच्याबरोबर खाकी पोशाख, पट्टा, टोपी असं मिळेल ते उचललं. दसऱ्याच्या आधी त्यांनी गावरक्षक दल काढलं आणि स्वतःला सेनापती नेमलं. टोपीवरचा बिल्ला खेचरांच्या पलटणीचा होता. हे गावात फक्त मला कळत होतं आणि मी ते माझ्यापाशीच ठेवलं. शाळेची खोली त्यांच्या जागेत होती.

मोटरसायकलची देखभाल मिस्त्रीचाचांकडे. साठीचे, मुसलमान, लोहारकामात तीन पिढ्या गेलेले. विहिरीवरची तेलाची इंजिनं, सायकली, ठासणीच्या बंदुका, सगळं त्यांच्या निंबाखालच्या भट्टीवर येई. मोटरसायकल त्यांना नवी होती. शंका आली की ते माझ्याकडे येत आणि शाळेच्या पायरीवर बसून विचारून घेत. दसऱ्याच्या तीन दिवस आधी त्यांनी क्लचची तुटलेली तार बदलली होती. त्यांची एक बहीण मोगलाईत दिलेली होती. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. तो नंतर लावण्यात आला.

खंडेनवमीनंतर पाचव्या दिवशी सकाळी चार बैल गेले. सरकार गाडीवर स्वार झाले. मागच्या सीटवर दलातला पैलवान तलवार घेऊन बसला, आणि गाडीमागे तीस माणसं काठ्या-कुऱ्हाडी घेऊन धावत निघाली. चोर चढाच्या मध्यावर होते. मोटरसायकलचा आवाज ऐकून ते बैल टाकून पळाले. इथपर्यंत सगळं भाषणाबरहुकूम झालं.

मग चढ लागला. इंजिन किंचाळायला लागलं, गाडी मात्र मंदावत गेली. सरकारांनी मूठ आणखी पिळली. इंजिन आणखी किंचाळलं, गाडी थांबली, आणि तशीच किंचाळत मागे घसरू लागली. पळणाऱ्या चोरांनी वळून पाहिलं. उलट्या दिशेनं चाल करून जाणारं सैन्य त्यांनी पूर्वी पाहिलं नसावं. ते परत आले. पहिली कुऱ्हाड पैलवानाच्या डाव्या खांद्यात बसली आणि हाडाशी अडकली. ती काढायला चोराला त्याच्या छातीवर पाय द्यावा लागला. दुसऱ्या एकाचा गुडघा गोफणीच्या दगडानं फुटला. तिसऱ्याला त्यांनी पालथा पाडून गाडीच्याच धुराच्या तापलेल्या नळीवर गाल टेकवून धरला. सरकार सगळ्यांत आधी गावात पोचले, पायी.

दुसऱ्या दिवशी दुपारी दलातला एक गडी शाळेच्या दारात आला.

"मास्तर, सरकारनी बोलीवलंय. तुमचं पानं घिऊन या."

"गाडी बंद पडली का?"

"गाडी ढकलत आनली, निंबाखाली हाय. चाचा बी हाय. बिगीबिगी चला. दोन झाली."

"दोन काय?"

त्यानं स्वतःची करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट वर करून दाखवलं.

निंबाखाली सगळं गाव होतं. चाचांना त्यांच्याच भट्टीसमोर एका बैलगाडीच्या चाकाला बसवून बांधलं होतं. पाठीवर सदरा उरला नव्हता, आणि जे उरलं होतं त्याकडे पाहवत नव्हतं. उजवा हात त्यांच्याच ऐरणीवर दोघांनी दाबून धरलेला. करंगळी आणि अनामिका काळ्या वांग्यासारख्या सुजून भलत्याच दिशांना वळल्या होत्या. ऐरणीपाशी सरकारांचा कारभारी चाचांचाच हातोडा घेऊन उभा होता. कारभारी हिशेबाचा माणूस. हातोडा त्यानं दांड्याच्या फार वर धरला होता. एका बोटाला त्याला तीन घाव लागले असं मागून कळलं.

पैलवान बाजेवर आडवा होता. खांद्याला लुगड्याचं फडकं करकचून बांधलेलं, त्यातून रक्त झिरपून बाजेच्या सुंभात मुरत होतं. जामखेडच्या दवाखान्यात न्यायला गाडी जुंपलेली होती, पण हा गडी जायला तयार नव्हता.

"पाची बोटं मोडल्याबिगर म्या हालनार न्हाई," तो म्हणत होता. "बगू द्या मला. माजा खांदा गेला, त्याचा हात जाऊ द्या."

सरकार खुर्चीत बसले होते, हातात चाबूक. पोशाख स्वच्छ होता. नवा असावा.

"मास्तर, हा फितूर झालाय," ते म्हणाले. "तारेत काहीतरी करून ठेवलंय. कबूल करत नाही. तू पलटणीतला माणूस, तू काढून दाखव. म्हणजे राहिलेल्या बोटांचा न्याय रीतसर होईल."

"सरकार, आधी गाडी बघतो. दोष तारेत नसला तर?"

"नसला तर सोडीन. शब्द." त्यांनी निंबाच्या सावलीकडे चाबूक केला. "ही सावली आडाच्या कठड्याला लागेपर्यंत बघ. मग अंगठा."

सावली आणि कठडा यांत चार हातांचं अंतर होतं. लोहाराचा अंगठा गेला की लोहार गेला, हे सगळ्यांना कळत होतं. चाचांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. ओठ फुटलेले होते.

"मास्तर, तार म्या नीट ओढलीय," ते म्हणाले. "तुमी सांगितल्यापरमानं. जवाएवढी ढील ठिवलीय."

चाबूक त्यांच्या मानेवर बसला.

क्लच म्हणजे गोल प्लेटींची चळत. निम्म्या प्लेटी इंजिनाबरोबर फिरतात, निम्म्या चाकाबरोबर. स्प्रिंगा त्यांना एकमेकींवर दाबून धरतात, त्यामुळे एक फिरली की दुसरी फिरते. मुठीतला खटका दाबला की तार स्प्रिंगा मागे ओढते, प्लेटी सुटतात आणि इंजिन एकटंच फिरतं. तार फार ताणलेली असेल तर खटका न दाबताही प्लेटी अर्धवट सुटलेल्या राहतात. इंजिन बोंबलतं, गाडी जात नाही. सरकारांचा संशय मूर्खपणाचा नव्हता. फक्त तो तपासायला त्यांनी चुकीचं हत्यार घेतलं होतं.

मी आधी खटका बोटानं हलवला. दाब लागायच्या आधी तो जवाएवढा मोकळा हलला. मी कारभाऱ्याला बोलावून त्याच्या बोटानं हलवून घेतला, म्हणजे साक्षीदार झाला. मग तार खालच्या टोकाला सोडूनच टाकली. आता तारेचा क्लचशी काही संबंधच उरला नाही. गाडी गिअरमध्ये घालून पुढे ढकलायला सांगितली. चाकं फिरली, इंजिन फिरलं नाही. दोन गड्यांनी जोर लावला तरी नाही. तार सुटलेली असतानाही प्लेटी घसरत होत्या.

"सरकार, तारेत दोष नाही."

"मग कशात आहे?"

"उघडावं लागेल."

"म्हणजे तुला माहीत नाही," सरकार म्हणाले आणि सावलीकडे पाहिलं. "कारभारी, अंगठा वर करून ठेवा."

दोन हातांचं अंतर राहिलं होतं. स्प्रिंगा मोडल्या असतील, प्लेटींचं अस्तर झिजलं असेल. दोन्ही चाचांच्या माथी मारता आलं असतं. मी वेळ काढायला आणि थोडं खरंच विचारायला म्हणून पैलवानाकडे वळलो. आवाज ऐकलेला आणि जागेवर राहिलेला तोच एक होता.

"पैलवान, चढावर नेमकं काय झालं? आवाज कसा आला?"

"आवाज कसला, नुसती बोंब. अन् वास."

"कसला वास?"

तो तोंड वाकडं करून म्हणाला, "भज्यांचा."

गर्दीत कोणीतरी हसलं. चाबूक त्या दिशेला गेला आणि हसू थांबलं.

"हसू नगा, भाड्यांनो!" पैलवान ओरडला. "कुऱ्हाड बसायच्या येळंला मानसाला भूक लागती व्हय? पन आला. आईच्यान आला. मामाच्या लग्नात कढईम्होरं उबं ऱ्हायल्यागत."

वर्कशॉपात चार वर्षांत मी शेकडो क्लच जळताना हुंगले. जळक्या दोराचा वास येतो, जळक्या केसांचा येतो. भज्यांचा कधी आला नव्हता. इंजिनात घालायचं तेल खनिज असतं, ते तापलं तरी त्याची कोणाला भूक लागत नाही.

मी पान्यानं क्लचचं झाकण सैल केलं. या गाडीचा क्लच कोरडा. त्याला वेगळं बंद घर असतं, तेलाचा थेंब आत जाऊ नये म्हणून. तेल लागलं की प्लेटी एकमेकींवर निसटतात, तापतात, आणि जितकी मूठ पिळावी तितक्या जास्त निसटतात. झाकणाला मध्ये सुपारीएवढं बूच असतं. झाकण हलताच खालच्या कडेनं धार लागली. मी कोणाच्या तरी हातातली पितळी वाटी घेऊन खाली धरली. पाव शेर तरी निघालं. पिवळंधमक, दाट. झाकण पूर्ण काढलं तेव्हा स्प्रिंगांच्या खोबणीत काहीतरी पांढरं-लाल दिसलं. मी ते नखानं काढलं. तांदळाचा दाणा होता, कुंकवात भिजलेला. त्याच्यामागे आणखी होते. झेंडूची एक पाकळी प्लेटींमध्ये अडकून कागदासारखी पातळ झाली होती.

खंडेनवमी मला आठवली. पारासमोर तलवारी, भाले, दोन बंदुका आणि मधोमध मोटरसायकल. तिच्या पुढच्या चाकासमोर बोकड एका घावात उडवला, त्याचं रक्त हेडलाइटला लावलं. मग सरकार स्वतः तांब्या घेऊन हत्यारांना तेल द्यायला गेले. मी त्या वेळी उन्हाला कंटाळून घरी निघालो होतो. मंत्र संपेपर्यंत थांबलो असतो तर चाचांची दोन बोटं वाचली असती. समारंभांना शेवटपर्यंत न थांबण्याची माझी सवय मला एरवी फायद्याची ठरली आहे.

"काय निघालं?" सरकारांनी विचारलं.

"तेल, सरकार."

"कुठलं तेल?"

आता खरं बोलायचं होतं आणि धाडस नव्हतं. चाबूक सहा हातांवर होता आणि शाळेची खोली त्यांच्या जागेत. मी म्हणालो, "वासावरून कळेल. पण माझं नाक पेट्रोलनं मेलंय." आणि वाटी घेऊन बाजेपाशी गेलो.

पैलवानानं उजव्या हाताचं बोट बुडवलं, हुंगलं, जिभेला लावलं.

"करडीचं हाय," तो म्हणाला. "घान्यावरचं. हळद बी हाय." त्यानं पुन्हा बोट बुडवलं आणि वर काढलं. बोटाला एक लाल दाणा चिकटला होता. तो त्या दाण्याकडे बराच वेळ बघत राहिला. पैलवान मंद आहे असं गावाचं मत होतं. मत चुकीचं नव्हतं, फक्त अपुरं होतं. त्याला उशिरा कळे, पण कळलं की मोठ्यानं कळे.

"अक्षता," तो म्हणाला. "सरकार, ह्यो तर आपल्या फुजेतला माल. तांब्या म्याच धरला हुता की! तुमी म्हनला, बूच काढ, शस्त्राचं एक बी त्वांड कोरडं ऱ्हाता कामा न्हाई. म्या काडलं. तुमी वतलं. मग म्हनला, आनखी वत." तो कोपरावर उठला. "म्हंजी ह्यो माजा खांदा..."

सरकार खुर्चीतून उठलेले मला दिसलेच नाहीत. चाबूक फडक्यावरच बसला, कुऱ्हाडीच्या जखमेवर. पैलवान ओरडला तसं मी माणसाला ओरडताना ऐकलेलं नाही. वर्कशॉपात एकाचा हात यंत्राच्या पट्ट्यात गेला होता, तोही असा ओरडला नव्हता. दुसरा फटका माझ्या मनगटावर आला आणि वाटीतलं थोडं तेल सांडलं. तिसरा आलाच नाही. कोणी सरकारांचा हात धरला नव्हता. एवढंच झालं होतं की ऐरणीपाशी कारभाऱ्यानं हातोडा जमिनीवर ठेवला. आपटला नाही. देवघरात काही ठेवावं तसा अलगद ठेवला आणि दोन पावलं मागे सरून उभा राहिला. चाचांचा हात दाबून धरणाऱ्यांनी तो सोडला. तीस माणसं सरकारांकडे न बघता मोटरसायकलच्या उघड्या पोटाकडे बघत होती.

निंबाची सावली कठड्याला लागली होती. अंगठा शाबूत होता.

सरकार परत खुर्चीत बसले. त्यांना थोडा विचार करावा लागला.

"तेल भेसळीचं असणार," ते म्हणाले. "तेल्याला आणा."

तेल्याला आणलं. दहा फटक्यांपर्यंत त्यानं नाही म्हटलं, मग हो म्हटलं. तेल शुद्ध होतं. पैलवान एव्हाना बेशुद्ध झाला होता, त्यामुळे तो साक्ष देऊ शकला नाही, आणि त्याला जुंपलेल्या गाडीत घालून जामखेडला नेलं. मी काही बोललो नाही. मी जे सोडवायला आलो होतो ते सुटलं होतं, आणि आणखी कोणाला सोडवण्याइतका मी शूर नव्हतो. हे मी त्या वेळीही जाणत होतो.

"मिस्त्रीला सोडा," सरकार जाताना म्हणाले. "गाडी संध्याकाळच्या आत चालली पाहिजे."

चाचांना सोडलं. ते घरी जातील असं मला वाटलं होतं. ते ऐरणीला टेकून बसले, उजवा हात मांडीवर पालथा ठेवला आणि मला काम सांगू लागले. पेट्रोल रेशनवर, म्हणून रॉकेल. प्लेटी एकेक करून धुतल्या. अस्तरात मुरलेलं तेल ओढून घ्यायला त्या चाळलेल्या गरम राखेत पुरल्या, काढून झटकल्या, पुन्हा पुरल्या. तीनदा. मग विटेच्या सपाट तुकड्यावर अस्तर खरवडून घेतलं. ही राखेची युक्ती लष्कराच्या पुस्तकात नव्हती. माझं मनगट सुजत चाललं होतं, त्यामुळे मी हळू करत होतो. चाचा दर थोड्या वेळानं डोळे मिटत, उघडत आणि पुढचं सांगत.

सगळ्या प्लेटी बसल्या, स्प्रिंगांची नटं सारखी आवळली. झाकण लावायला घेतलं तेव्हा चाचांनी डाव्या हातानं मला थांबवलं. जमिनीवर मी काढून ठेवलेले तांदळाचे दाणे होते.

"मास्तर," ते म्हणाले, "ह्ये परत आत टाकायचं का? न्हाई, मागनं कुनी म्हनंल सामान कमी भरलं."

मी हसलो. ते हसायला गेले आणि ओठ पुन्हा फुटला.

गाडी एका किकेत सुरू झाली. त्या चढावर मी ती स्वतः नेऊन आणली. माथ्यापर्यंत गेलो, हद्दीच्या दगडाला वळसा घालून आलो. प्लेटी कुठेही घसरल्या नाहीत. झाकणाच्या बुचावर मी शिसं वितळवून ओतलं. पुढच्या वर्षी पूजा झाली तेव्हा गाडीला तेल बाहेरूनच मिळालं.

परत आलो तेव्हा हाडं बसवणारा धनगर आला होता. त्यानं चाचांचा हात गुडघ्यांत धरला, मला त्यांचं डोकं धरायला सांगितलं आणि दोन्ही बोटं एकामागून एक ओढून सरळ केली. आवाज झाला तो मी इथे लिहीत नाही. चाचांच्या तोंडात त्यांच्याच भट्टीवरचा चामड्याचा तुकडा होता, तो आरपार चावला गेला. मग धनगरानं बांबूच्या कामट्या लावल्या आणि बांधायच्या आधी चोळायला हळद घातलेलं कोमट तेल मागितलं.

चाचांच्या घरात त्या दिवशी तेल नव्हतं. तेली तर उठूच शकत नव्हता. ऐरणीवर पितळी वाटी तशीच होती. धनगरानं ती भट्टीवर धरून कोमट केली, तळाचा काळा गाळ ठेवून वरचं तेल घेतलं आणि चोळलं. हळद त्यात आधीच होती.